कपारीतला हात

आमच्या घरात समुद्राला पाठ दाखवलेली बाई नाही. आजीनं पाण्यातलं शेवाळ काढून, विकून चार लेकरं वाढवली आणि शेवटी ती पाण्यातच राहिली. अम्मा तर पोटुशी असतानाही बुड्या मारायची. गेल्या वर्षी पांबनच्या खडकांत ती उतरली, ती सापडलीच नाही.

आज त्याच खडकांपाशी, शेवाळ काढणाऱ्या बायकांच्या नावेत, दगडांनी कापू नयेत म्हणून मी बोटांना चिंध्या गुंडाळल्या, तशी चित्ती, माझी मावशी, कळवळली. "राक्कू, बाजारात मासळी विक की!"

"अम्मानं विकली होती, चित्ती?" म्हणत मी सगळ्यांच्या आधी उडी मारली.

तळाशी पाय कपारीत अडकला. दगड हलेना. छाती फुटायला आली तेव्हा शेजारून चिंध्या गुंडाळलेला एक हात आला आणि त्यानं दगड सरकवला.

वर येऊन मी नाव धरली. "माझ्याबरोबर कोण उतरलं होतं?"

"कोण उतरणार? सगळ्या इथंच आहोत. चल, घरी जाऊ," चित्ती म्हणाली.

नावेतल्या सगळ्यांच्या बोटांवरच्या चिंध्या कोरड्या होत्या.

पण माझी पिशवी रिकामी होती. श्वास भरून मी पुन्हा खाली गेले.

तो हात कपारीतून बाहेर येऊन, मूठभर शेवाळ धरून थांबला होता. मी पिशवी उघडली. तेवढ्यात बाजूनं दुसरा, सुरकुतलेला हात आला आणि मग एकेक करत सगळ्या कपारींतून शेवाळ धरलेले हात.