कुंपणावरची अळी

"तुमचा रोबो माझ्या पालकात अळ्या टाकतो," शेजारच्या लोंढेवहिनी कुंपणाशी येऊन म्हणाल्या.

"आणि तुमचा माझ्या मेथीत," कुमुदताई करवादल्या.

सकाळपासून एकच हिरवी अळी सात वेळा इकडून तिकडे गेली होती आणि खाऊन खाऊन गुटगुटीत झाली होती. बागेतले रोबो मालकिणीचं बघूनच काम शिकायचे. जीव मारायला दोघींचाही हात धजत नसे, त्यामुळे दोघी आजवर सापडलेल्या अळ्या गुपचूप कुंपणापलीकडे टाकत आल्या होत्या.

"मग एकदा मारून दाखवा त्यांना."

"तुम्हीच दाखवा की."

कुमुदताईंनी वैतागून अळी चिमटीत धरली, क्षणभर थांबल्या आणि मागच्या मोकाशींच्या कोबीत भिरकावली.

दोन्ही रोबोंनी ते नीट पाहून घेतलं.