पाठवणीची रेकॉर्ड

एका रेकॉर्डमधल्या सनईच्या नादापायी व्यंकटीनं बैलजोडी विकून लाउडस्पीकर घेतला, आणि बारा वर्षं लग्नं वाजवता वाजवता तो ती सनई ऐकायचंच विसरला. पालमकडच्या गावांत रीतच पडली होती: पाठवणीला तीच रेकॉर्ड लागायची, ती संपली की नवरीचा ट्रक हलायचा. तेवढ्यात व्यंकटी मांडवातल्या वायरी गुंडाळायचा. आज त्याच्याच लेकीची पाठवणी होती. त्यानं सवयीनं सुई टेकवली, वायर हातात घेतली आणि तो तिथंच थबकला. ज्या सनईपायी बैल विकले, ती आज पुन्हा ऐकू आली. रेकॉर्ड संपत आली तशी त्यानं सुई परत सुरुवातीला ठेवली. मग आणखी एकदा. "मामा, उशीर व्हायलाय," जावई म्हणाला. व्यंकटीचा हात ऐकेना. शेवटी लेकच ट्रकमधून उतरली. लहानपणापासून रेकॉर्डी तीच पुसायची. तिनं सुई अलगद उचलली, म्हणाली, "आबा, तुमी आता वायरी गुंडाळा."