उघडं झाकण

"या बिनतारी थर्मामीटरचा काही भरवसा नाही बघ. मांसावर माणसाची नजरच हवी," असं पुटपुटत नवरा आजारी बायकोच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवरून पुन्हा उठला आणि अंगणातल्या झाकणाच्या शेगडीकडे गेला.

थर्मामीटर लेकीनं आणलं होतं. सळई मांसात खुपसून ठेवायची आणि शेगडीतली धग घरात बसून मोबाइलवर बघायची. बाबा दिवसभर धुरात बसण्याऐवजी आईपाशी बसतील, एवढीच तिची आशा.

मोबाइल बायकोच्या उशाशीच होता. आकडा हळूहळू चढायचा आणि धाडकन खाली यायचा. म्हणजे स्वारीनं परत झाकण उघडलं! ती धडधाकट असताना तिनं झाकणाला नुसता हात लावला तरी "धग जाते ना!" म्हणून खेकसणारा हा माणूस आज सकाळपासून स्वतःच धग घालवत होता. मांस शिजलं असतं, तर बाहेर बसायला निमित्त उरलं नसतं.

खिडकीत त्याचा काजळलेला चेहरा दिसला. "अजून कच्चंच आहे गं. पण तुला आवडतं तसं मऊ करतो की नाही बघ."

तिला पाण्याचा घोटही धड गिळवत नव्हता.

"आणि बरी झालीस की सगळ्यांना जेवायला बोलावू. काय?"

तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"अहो, मी बरी होणार नाहीये. मी मरतेय. आत या ना, मला एकटीला भीती वाटते."