कोन आलीस, माये?

"देवी काय पावरलूम हाय रे केसरी, बटन दाबला का चालू?"

राहीबाई हे हळूच म्हणाली. तिचा मंगळवार होता आणि उपासाच्या दिवशी ती आवाज चढवत नसे. ती गावदेवीच्या ओट्यावर बसली होती; पुढ्यात सगळं गाव माघाच्या उन्हात ताटकळत होतं. देवळामागच्या गुरचरणावर सरकार जेल बांधणार होतं, आणि मोजणीची जीप कशेळीवरून निघाली असा निरोप आला होता.

केसरीनाथ तिच्यापुढे उकिडवा बसला. गावकीचा पुढारी तो, एरवी खुर्चीखाली उतरत नसे.

"काकी, अर्ज केले, मोर्चा नेला. सायब आयकत न्हाय. पन देवीम्होरं तो बी हात जोडंल. चैतात तुज्या अंगात येतेच ना माय? आज जरा आदी आली, असं समज."

"ती येते. मी आनत न्हाय."

खरंच होतं ते. पालखीच्या दिवशी तिच्या टाचांना आधी मुंग्या येत. मग त्या पोटऱ्यांतून वर चढत, आणि मग राहीबाई म्हणून कोणी उरत नसे. कोणीतरी पुढं होऊन विचारायचं, "कोन आलीस, माये?" विचारल्याशिवाय देवी बोलत नाही. आणि एकदा बोलली की गावाला तिच्या शब्दापलीकडे जाता येत नाही. एका चैतात तिनं भर गावातली विहीर बुजवा म्हटलं, तर गावानं पाण्यानं भरलेली विहीर बुजवली होती.

"इचारायचं काम माजं," केसरीनाथ म्हणाला. "तू येवढंच बोल. चोराला माज्या शिवंत थारा न्हाय."

राहीबाईनं मान वर केली.

"लडकू शिमग्याला सुटतोय ना?" त्याचा आवाज खाली आला. "त्याला गावात घ्यायचा का न्हाय, ते गावकी ठरवनार. माजा शब्द हाय तुला. तू गावाचं काम कर, गाव तुजं करंल."

लडकू तिचा एकुलता. नारपोलीच्या कारखान्यातून सुताची पोती काढली म्हणून ठाण्याच्या जेलात होता. भेटीच्या दिवशी ती भाकऱ्या बांधून जायची. आत घेत नाहीत हे ठाऊक असूनही बांधायची. गुरचरणावर जेल होणार हे पहिल्यांदा कानावर आलं, तेव्हा तिच्या मनात आलं होतं, बांधावरून हाक मारली तरी पोराला ऐकू जाईल. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. तुळशीला पाणी घालतानाही नाही.

मागे बायकांत सीताबाईला जोर चढला होता. "उद्या कैद्यांच्या आयाबाया आपल्या बोरिंगवर पानी भरतील! चोरांचं खटलं सगलं..." शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. सीताबाईनं राहीबाईकडे पाहिलं, जीभ चावली.

"तुला न्हाय गो, राहीबाय. तू आपली हायस."

जीप आली. साहेब उतरले, मोजणीची साखळी घेतलेली माणसं उतरली. महादूनं ढोलावर काठी टाकली. राहीबाईनं केस मोकळे सोडले आणि ती घुमायला लागली. टाचा थंडच होत्या. तिनं डोळे मिटून मनातल्या मनात देवीच्या पाया पडून घेतलं, आणि मान गरगर फिरवली.

"कोन आलीस, माये?" केसरीनाथ गरजला.

"शिवंवरची मी!"

"काय सांगनं हाय तुजं?"

"चोराला..." ढोल थांबला. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. "चोराला माज्या शिवंत थारा न्हाय!"

गाव तिच्यापुढं आडवं झालं. साहेबांनी बूट काढले, नारळ ठेवला, कपाळाला हळद लावून घेतली. "वर कळवतो," ते म्हणाले. "जागा दुसरी बघायला लागेल." साखळी न उलगडताच जीप परत फिरली. गुलाल उधळला. सीताबाईनं राहीबाईची ओटी भरली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

माणसं पांगायला लागली तशी राहीबाईनं केसरीनाथला पायरीवर गाठलं. तो गर्दीतून आपल्या चपला शोधत होता.

"केसरी, शिमग्याला लडकूला आनायला माज्या संगती कोन येईल?"

त्याला एक चप्पल सापडली. त्यानं ती पायात घातली.

"काकी, मी केला असता काय तरी. पन आता शब्द पडला ना. सगल्या गावानं आयकला."

"तो तूच दिला व्हतास मला."

"हळू बोल." दुसरी चप्पलही सापडली. आता त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या नजरेत खरोखरच भीती होती. "देवीला खोटी पाडतेस? उपासाची बाय तू!"

तो गेला. महादू ढोल खांद्याला लावून गेला. बायकांना घरी चुली होत्या.

राहीबाई ओट्यावर येऊन बसली. ओटीतला नारळ तिनं बाजूला ठेवला. केस बांधायला हात वर नेले, आणि ते तसेच राहिले. टाचांना मुंग्या आल्या होत्या. पोटऱ्यांतून वर चढत होत्या. अंग थरथरायला लागलं, ओठ हलायला लागले.

देवळासमोर गुलाल सांडला होता. विचारायला कोणी नव्हतं.