दुरियानवरची खूण

सारावाकच्या आमच्या जंगलात बुंध्यावर सुरीने खूण केली, की ते झाड त्या घराचं होई. मग विचारल्याशिवाय कुणी त्याचं फळसुद्धा उचलत नसे. मी जन्मले तेव्हा बाबांनी या दुरियानच्या झाडावर माझ्यासाठी खूण केली होती.

शहरात वाढलेला माझा भाचा सेलाई आता जंगल वाचवणाऱ्या कंपनीत लागला आहे. जुनी झाडं दाखव म्हणाला, म्हणून मीच त्याला इथे घेऊन आले. त्याने परदेशी देणगीदाराच्या नावाची पाटी झाडावर ठोकली आणि माझ्या खुणेवर डांबर फासायला घेतलं.

“अरे मेल्या, ती तुझ्या आजोबांच्या हातची आहे!”

“ठाऊक आहे, आत्या. पण या जंगलात माणसाचं पाऊल कधी पडलंच नाही, असं देणगीदारांना सांगितलंय.”

“मग आता फळं कुणाला विचारून उचलायची मी?”

“उचलायचीच नाहीत.”

डांबराचा डबा बंद करून तो जरा घुटमळला.

“उद्या ते लोक झाड बघायला येणार आहेत. त्यांना इथवर तू आणशील ना? वाट तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.”