राखणदाराची हळद

एक तारा. पाचांपैकी फक्त एक. नेत्राने बोट सरकवलं. खाली आणखी एक, त्याच्याखाली आणखी एक.

झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. झोळीत अनय निजला होता. तो निजला की नेत्राची विद्युल्लता व्हायची. ह्या नावाने ती वाचनाच्या अ‍ॅपवर प्रेमकथा लिहायची. भुताखेतांच्या, जादूच्या, आणि अनयच्या झोपेएवढ्याच लांबीच्या. नवरा धनेश सोडला तर अंजूर गावात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. शेजारच्या वळ गावातल्या गोदामात ड्युटीला जाता-येता तो वाचायचा आणि कुरकुरायचा, "तुझा हिरो रात्री उठून हिरोइनची भांडी घासतो. माझी कशाला पंचाईत करतेस?"

हिरो खाडीच्या बांधावरचा राखणदार होता. भरतीचं पाणी शेतात शिरू न देणारा. उजाडलं की दिसेनासा होणारा. वाचणाऱ्या बायकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. 'याला कुणी चुलत भाऊ आहे का?' एकीने विचारलं होतं. दुसरीने लिहिलं होतं, 'दिवसा दिसत नाही तेच बरं. आमचा दिवसभर दिसतो, उपयोग काय?' अनयला पाजताना नेत्रा ही मतं पुन्हा पुन्हा वाचायची आणि एकटीच हसायची.

काल तिने राखणदाराचं लग्न लावलं. खाडीकाठी, चांदण्यात, दोन हार घालून. चार वाक्यांत उरकलं. तेव्हापासून हे तारे पडत होते.

'इतका जीव लावला, आणि शेवटी हे?'

'राखणदाराचा अपमान आहे हा.'

'विद्युल्लताबाई, काही वाटलं कसं नाही तुम्हाला?'

गाव राखणदाराला मानत होतं. पेरणीआधी सासूबाई स्वतः बांधावर जाऊन त्याला नारळ देत. आणि हिने त्याला बायको दिली! चुकलंच. कथा काढून टाकायची, आणि पुन्हा लिहायचं म्हणून नाही. अनय निजला की आपणही गुमान निजायचं. तिने 'कथा हटवा'वर अंगठा नेला.

"विद्युल्लता! ए विद्युल्लता! भायेर ये!"

अंगठा तिथेच राहिला. अंगणात काशीआजी उभी होती. काशीआजी गावची धवलारीण. लग्नातली गाणी, धवले, गाणारी. तिच्या गाण्यावाचून आळीत कुणाचं लग्न लागत नसे. तिच्यामागे तिची नात रीमा आणि आळीतल्या चार बायका. ओट्यावर सासूबाई, तुळजा, तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काशीमावशी, हितं कोन विद्युल्लता?"

"तुझी सून. कथेतली नवरी मोडक्या पावरलूमवर गोधड्या वाळत घालते. अख्ख्या अंजुरात मोडका लूम तुझ्याच दारात हाय."

तुळजाबाईंचा हात सुपात थांबला. नेत्रा दोरी सोडून दारात आली.

"आजी, मी आत्ता काढून टाकते ती कथा. पुन्हा नाही लिहिणार."

"काढून टाकते? मंग दुपारी आमी काय करू?" काशीआजी कडाडली. "ही रीमा वाचते, आमी गोधडी शिवत आयकतो. काढून टाकते म्हने!"

"मग ते एक-एक तारे?"

"मीच द्याया लावले. आळीतल्या समद्या फोनांवरून. राग येनार न्हाय? एवढ्या मोठ्या मानसाचं लगीन लावलंस, आनि हळद? हळद कुठं हाय, गो?"

"हळद?" नेत्राने विचारलं.

"मांडव न्हाय, हळद न्हाय, धवला न्हाय. पलून जाऊन लगीन केलं का त्यानं?"

"डीजे पन नाय," रीमा म्हणाली.

"आमी नाचाया साड्या काढून ठेवल्या होत्या," मागून एकजण बोलली, आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

नेत्रालाही हसू फुटलं. म्हणजे राग लग्नाचा नव्हताच! पण हसता हसता ती अडखळली. "आजी, लिहायला बसले होते मी हळद. कितीदा तरी. तिथवर येते आणि पुढे सरकतच नाही. का, ते मलाही कळत नाही."

"मला कलतं," तुळजाबाई म्हणाल्या.

सगळ्या त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आत गेल्या. स्वयंपाकघरात डबे वाजले. लपवून लिहिल्याचं आता काय ऐकावं लागतं कोण जाणे.

तुळजाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वाटी होती. तेलात कालवलेली हळद बोटांना लागली होती.

"पोरीला कोनी बोलू नका," त्या म्हणाल्या. "हिला आपन लॉकडाऊनमधी आणली. वीस मानसांत, तोंडाला फडकं बांधून. जिला स्वताला हळद लागली न्हाय, ती दुसऱ्याची लिवनार कुठनं? काशीमावशी, धवला धर. आनि तू गाल पुढं कर, विद्युल्लता."