मुनवर मास्तरांच्या पानांचे फटाके

सुज्ञ वाचकहो, आता जी हकीकत निवेदन करीत आहे, ती तेरखेड्यात, भर दुपारी, माझ्या समक्ष घडली आहे.

सन १९५८ साली मुनवर मास्तरांच्या गोष्टींच्या पुस्तकावर बंदी आली. त्याच वर्षी मास्तर वारले. जप्त झालेल्या प्रती रद्दीत निघून आमच्या फटाक्यांच्या कारखान्यात आल्या. मास्तरांच्या पत्नी ताहेराबी तेथेच कागदाच्या नळ्या वळत. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरी ती पाने त्या फार हळुवार गुंडाळीत.

चाचणीसाठी मी एक फटाका पेटवला. वात जळाली, परंतु बार झाला नाही. धुरातून मास्तरांचा संथ स्वर आला. त्यांनी गोष्टीतील एक वाक्य वाचले व ते थांबले.

ताहेराबी हसल्या. "जिते असताना चहासाठी शंभर हाका मारायचे. आता बघा, वातीबिगर बोलंना झाले! आणखी एक लावा, बिराप्पा."

मी लावला. पुढचे वाक्य आले. कागदाची राख झाली.

"भाभी, असं केलं तर पुस्तक संपंल. ह्या नळ्यांबिगर दुसरी प्रत कुठंच न्हाय."

"आन् न्हाय लावलं तर त्यांचा आवाज मला कुठं ऐकू यायचा?"

मी आणखी एक फटाका हाती घेतला. तोच त्यांनी उरलेल्या नळ्या पदराखाली घेतल्या. "राहू द्या मग. नका जाळू."

एवढे बोलूनही त्यांचे ओठ हलतच राहिले. पुढचे वाक्य आले, त्याच्या पुढचेही आले. स्वर मास्तरांचा होता. ताहेराबी भेदरून माझ्याकडे पाहत होत्या; हात मात्र त्यांनी स्वतःच्या ओठांवर असा ठेवला होता, जणू दुसऱ्या कोणाचा गाल कुरवाळीत आहेत.

आपण येथवर सोबत केलीत, याबद्दल ऋणी आहे.
बिराप्पा मलप्पा देवकते, तेरखेडा